गाडीत गांजाचा वास आला, एवढ्यावर अटक होते का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे पती पिवळ्या पाटीची अर्टिगा टुरिस्ट म्हणून चालवतात, गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. गेल्या महिन्यात मुंबईहून आलेल्या चार पोरांना दिवसभर वायनरी आणि गंगापूर धरणाच्या बाजूला फिरवून त्यांनी रात्री रिसॉर्टवर सोडलं आणि रिकामी गाडी घेऊन ते घरी निघाले. पोरं मागच्या सीटवर गांजा ओढत होती, पती काही बोलले नव्हते. साडेदहाच्या सुमारास गंगापूर रोडला नाकाबंदीत काच खाली केली, तर पोलिसांना गांजाचा वास आला. गाडी तपासली. मागच्या सीटच्या खिशात रोलिंग पेपरचं अर्धं पाकीट निघालं, बाकी काही नाही. तरीही त्यांना ठाण्यात नेऊन रात्री अडीचपर्यंत बसवून ठेवलं. कागद कसलाच दिला नाही. ‘पुन्हा असा वास आला तर थेट आत’ असं सांगून सोडलं. ‘अटक तर झाली नाही,’ असं ताई लिहितात. ठाण्याबाहेर एक अनोळखी माणूस ‘वीस हजारांत मिटवून देतो’ म्हणत मागे लागला होता. तेव्हापासून पतींनी रात्रीची भाडी बंद केली आहेत. दीर म्हणतात गाडीत अत्तर ठेव. भाचा म्हणतो, अमेरिकेत नुसत्या वासावर उचलतात, आपल्याकडेही तेच. ताई विचारतात: वासावर अटक होते का? झाल्या प्रकाराची तक्रार करावी की गप्प बसावं? आणि पार्टी गाडीत ओढायला लागली तर ड्रायव्हरने करायचं काय?

ताई,

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. वासावरून गाडी थांबवता येते, तपासताही येते. पण हाती काहीच लागलं नाही आणि फक्त वास आला, एवढ्यावर गाडीतल्या माणसाला अटक केली, तर ती अटक कोर्टात टिकवणं पोलिसांना फार जड जाईल. तुमच्या पत्रात मात्र आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही तिच्याबद्दल विचारलेलं नाही, पण तुमच्या पतींना खरा धोका तिथून आहे. ती म्हणजे पार्टी मागे ओढत होती, आणि ते गप्प राहिले. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

वासाचं आधी नीट समजून घ्या. गांजाचा जो उग्र वास येतो तो त्या झाडातल्या तेलांचा आणि गंधकाच्या काही संयुगांचा. नशा आणणाऱ्या टीएचसीला स्वतःचा वास नसतो. जाळल्यावर तो धूर सीटच्या कापडात, छताच्या अस्तरात आणि एसीच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो आणि काचा बंद असल्या तर दुसऱ्या दिवशीही येतो. म्हणजे वास एवढंच सांगतो की या गाडीत कधीतरी, कोणीतरी गांजा ओढला असावा किंवा ठेवला असावा. कोणी, कधी, किती, आणि आत्ता गाडीत आहे का, यातलं काहीही तो सांगत नाही. अटकेसाठी नेमकी हीच माहिती लागते.

आता कायदा. ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात तो अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा कायदा. झडतीची त्यातली दोन कलमं तुमच्या कामाची आहेत, ४२ आणि ४३. कलम ४२ इमारत, बंद जागा आणि वाहनासाठी आहे. त्यात शिपाई दर्जाच्या वरचा, शासनाने अधिकार दिलेला अधिकारी लागतो. त्याच्याकडे ‘विश्वास ठेवायला कारण’ लागतं, तेही स्वतःच्या माहितीवरून किंवा कोणी दिलेल्या आणि लिहून घेतलेल्या खबरेवरून. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर वॉरंटला वेळ का नव्हता याची कारणं आधी लिहावी लागतात, आणि त्याची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवावी लागते. कलम ४३ सार्वजनिक जागेसाठी आणि सार्वजनिक वाहनासाठी आहे. तिथे हे आधीचं लिखाण लागत नाही. पण त्याच कलमात अटकेची अट उघड लिहिलेली आहे: माणसाला थांबवा, तपासा, आणि त्याच्या ताब्यात अमली पदार्थ सापडला व तो बेकायदा वाटला, तर त्याला आणि त्याच्या सोबत असलेल्यांना अटक करा. सापडला तर. हा शब्द तुमच्या पतींनी पाठ करून ठेवावा.

तुमच्या गाडीला यातलं कोणतं कलम लागेल? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बूटा सिंग खटल्यात सांगितलं की रस्त्यावर उभी असलेली खासगी गाडी ही ‘सार्वजनिक जागा’ होत नाही, तिला ४२ च लागतं, आणि त्यातलं लिखाण मुळीच केलं नव्हतं म्हणून आरोपी सुटले. त्या निकालात गाडीच्या आरसी बुकात ती सार्वजनिक वाहन म्हणून नोंदलेली नाही, याचीही दखल घेतली होती. तुमची गाडी पिवळ्या पाटीची आहे. त्यामुळे पोलीस ४३ म्हणतील आणि वकील ४२ म्हणेल. पांढऱ्या पाटीच्या गाडीवाल्यांनी हा निकाल आपल्या बाजूचा आहे असं धरायला हरकत नाही, तुम्ही मात्र तेवढ्यावर विसंबू नका.

पोलीस यावर म्हणू शकतात, ‘सापडलं नाही, पण ओढलंय ना?’ सेवन हाही गुन्हा आहेच. कलम २७ प्रमाणे गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण सेवन सिद्ध होतं ते वैद्यकीय तपासणीतून. गाडीच्या वासातून नाही. शिवाय सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे याची कारणं पोलिसांनी लिहायची असतात. गरज नसेल तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) प्रमाणे हजर राहण्याची नोटीस द्यायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून याबाबत न्यायालयं कडक आहेत.

भाच्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. अमेरिकेत या वासाचा वाद मुख्यतः झडतीपुरता आहे, आणि तिथेही तो एका ठिकाणी ठरलेला नाही. इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटलं की जळलेल्या गांजाचा वास एकटा झडतीला पुरत नाही. त्याच न्यायालयाने डिसेंबरमध्ये म्हटलं की कच्च्या गांजाचा वास पुरतो, कारण तिथे गाडीतून गांजा नेताना वास बाहेर येणार नाही अशाच डबीत न्यावा लागतो. तिथे ठरावीक प्रमाणात गांजा बाळगणं कायदेशीर आहे, आपल्याकडे नाही. म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इकडे नाक्यावर हुज्जत घालू नका.

पोलिसांची बाजूही बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिंदे गावच्या एमआयडीसीत एमडी हा अमली पदार्थ बनवणारा कारखाना सापडला, तेव्हापासून नाशिककरांनीच कडक नाकाबंदी मागितली आहे. आता सिंहस्थ आहे, तपासणी वाढणारच. काच खाली झाल्यावर वास आला आणि अधिकाऱ्याने डिकी उघडायला लावली, यात मला गैर काही दिसत नाही. तुमच्या पतींच्या बाबतीत चुकलं ते त्यानंतर.

गाडीत पुडी सापडली नाही. रोलिंग पेपर पानटपरीवर मिळतो, तो अमली पदार्थ नाही. मग साडेदहा ते अडीच त्यांना कोणत्या नात्याने बसवलं? ‘चौकशीला नेलं होतं, अटक नव्हती’ हे उत्तर सर्रास मिळतं, आणि तुम्हीही पत्रात ‘अटक तर झाली नाही’ असं लिहून ते मान्य केलं आहे. ते तसं मान्य करू नका. माणसाला उठून जायची मोकळीक नसेल, तर तो ताब्यात आहे. ताब्यात घेतल्यावर कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं ओघाने आलं. अटकच असेल तर अटकेचा पंचनामा करायचा, त्यावर घरातल्या कोणाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची, आणि २४ तासांत न्यायाधीशांपुढे उभं करायचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं आहे की अटकेची कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजेल त्या भाषेत, आणि जागेवर लिहून देणं शक्यच नसेल तर न्यायाधीशांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी. तोंडी सांगून भागत नाही.

नाक्यावर पुन्हा अशी वेळ आली तर काय करायचं ते आता लिहिते, इतर ड्रायव्हरांनाही ते उपयोगी पडेल. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद, आतला दिवा चालू, हात स्टिअरिंगवर. कागद मागितल्यावरच काढा. झडतीला आडवं येऊ नका, पण शांतपणे तीन गोष्टी बोला. एक, ‘साहेब, झडतीचं चित्रीकरण करा.’ नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचं आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचंच आहे, मोबाइलवर केलं तरी चालतं. दोन, ‘पंच बोलवा.’ तीन, अंगझडती घ्यायची असेल तर ‘मला राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर द्यायची आहे.’ हा एनडीपीएसच्या कलम ५० चा हक्क आहे आणि तो आहे हे सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने विजयसिंह जडेजा खटल्यात तसं स्पष्ट सांगितलं. पण हा हक्क अंगझडतीपुरता आहे. गाडीला आणि पिशवीला तो लागत नाही, तिथे त्याचा आग्रह धरून भांडण वाढवू नका. काही न सापडता झडती संपली, तर ‘निरंक’ पंचनामा मागा. त्यात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका, कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. गाडीत कोण बसलं होतं, त्यांना कुठे सोडलं, हे खरं तेच सांगा. ट्रिप शीट आणि एजंटचा मेसेज दाखवा. पण ‘हो साहेब, पोरं ओढत होती, मी काय करणार’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ते का, हे पुढे आहे.

‘तूच ओढलास’ असं म्हणाले तर स्वतःहून म्हणायचं, ‘वैद्यकीय तपासणी करा.’ इथे एक बारकावा आहे. नशेत गाडी चालवल्याच्या कलमाखाली, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या १८५ खाली अटक केली, तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगायचं की दिवसभर पॅसेंजर मागे धूर करत असताना काचा बंद होत्या की उघड्या, आणि ते कागदावर लिहून घ्यायला लावायचं. बंद गाडीत तासन्‌तास दुसऱ्याचा धूर ओढला तर थोडा अंश लघवीत उतरू शकतो. काचा उघड्या असतील तर ती शक्यता फारच कमी. आणि लघवीतला अंश माणूस त्या क्षणी नशेत होता हे सिद्ध करत नाही. रोज ओढणाऱ्यांच्या लघवीत तो आठवडे राहतो.

आता त्या न विचारलेल्या गोष्टीबद्दल.

एनडीपीएसच्या कलम २५ मध्ये असं आहे की घर, खोली, जागा किंवा वाहन ज्याच्या ताब्यात आहे, त्याने जाणूनबुजून दुसऱ्याला तिथे या कायद्याखालचा गुन्हा करू दिला, तर त्या गुन्ह्याला जी शिक्षा, तीच त्याला. ‘ज्याच्या ताब्यात’ म्हणजे ड्रायव्हर. गाडी मालकाची असो की स्वतःची. आरशात दिसतंय, वास येतोय, आणि टीप जाईल, रिव्ह्यू खराब येईल, एजंट पुढचं भाडं देणार नाही म्हणून काच एक बोट खाली करून आपण गप्प बसतो. तुमच्या पतींनी बहुधा हेच केलं. त्यांचा नाइलाज समजण्यासारखा आहे, पण कायद्याला त्यात ‘जाणूनबुजून’ दिसू शकतं. म्हणूनच वरचं ते वाक्य घातक. त्यातून तुम्ही स्वतःच कबूल करता की माहीत होतं आणि चालू दिलं.

आणखी पुढे, कलम ६० प्रमाणे गाडी सरकारजमा होऊ शकते. ती वाचवायची तर मालकाला सिद्ध करावं लागतं की हे त्याच्या किंवा गाडी सांभाळणाऱ्याच्या माहितीशिवाय, संमतीशिवाय झालं आणि त्यांनी वाजवी खबरदारी घेतली होती. हप्ते चालू असलेल्या गाडीसाठी हा विषय वासापेक्षा दसपट मोठा आहे. शिवाय पोरांनी सीटखाली अर्धी पुडी विसरली असती तर? एक किलोच्या आतला गांजा ‘अल्प प्रमाण’ धरला जातो. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऐकायला कमी वाटतं. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र ठरवले आहेत, म्हणजे जामिनासाठी कोर्टात उभं राहणं आलंच. आणि वस्तू सापडली की ती माझी नव्हती, मला माहीत नव्हती, हे दाखवण्याचा भार बराचसा तुमच्यावर येतो. रिकाम्या गाडीत एकटा ड्रायव्हर असताना तो पेलणं अवघड.

म्हणून खबरदारी कागदावर दिसली पाहिजे. भाडं ठरतानाच एजंटला मेसेज: ‘गाडीत सिगारेट, हुक्का, गांजा, काहीही ओढायला परवानगी नाही.’ गाडीत पुढच्या सीटच्या मागे, पॅसेंजरच्या डोळ्यांसमोर, धूम्रपान बंदीची पाटी. ती लावायला कोणाची परवानगी लागत नाही. सार्वजनिक वाहनात धूम्रपान २००३ च्या तंबाखू कायद्याने बंदच आहे, दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. याचा मोठा फायदा असा की ड्रायव्हरला ‘तुम्ही गांजा ओढताय’ असा आरोप करावा लागत नाही. ‘दादा, गाडीत धूर चालत नाही, माझं परमिट जाईल’ एवढं पुरतं, आणि हे ऐकून चांगली पार्टी नाराज होत नाही. पहिला वास आला की चालत्या गाडीत वाद नको. पेट्रोल पंपावर किंवा उजेडातल्या ढाब्यावर गाडी उभी करा, चारही काचा उघडा, हे वाक्य बोला आणि तिथूनच एजंटला वेळ टाकून मेसेज करा. दुसऱ्यांदा झालं तर भाडं तिथेच संपवा. पण माणसं सुरक्षित जागी उतरवा, धरणाच्या अंधाऱ्या रस्त्यावर किंवा घाटात नाही. सोबत बाई किंवा मूल असेल तर ठरलेल्या ठिकाणी सोडा आणि एजंटला तसं कळवा.

पार्टी उतरली की निघण्याआधी पाच मिनिटं गाडी स्वतः बघायची: सीटचे खिसे, सीटखालची पट्टी, दाराचे कप्पे, स्टेपनीची जागा, मॅटखाली. हे पार्टीसमोरच करा, ‘काही राहिलं का बघतो’ म्हणत. त्या रात्री हे केलं असतं तर ते रोलिंग पेपर तिथेच परत गेले असते. एकटे असताना संशयास्पद पुडी दिसली तर हात लावू नका, खिशात घालून ठाण्यात न्यायला निघू नका. वाटेत तपासणी झाली तर ती तुमच्या ताब्यातली वस्तू ठरते. जागेवर थांबा, फोटो काढा, ११२ ला किंवा अमली पदार्थांच्या १९३३ या हेल्पलाइनला कळवा.

अत्तराचं मात्र दीरांचं ऐकू नका. अत्तराने धुराचा वास जात नाही, दोन वास एकत्र येतात आणि लपवाछपवी दिसते. एसीचा केबिन फिल्टर बदला, सीट आणि छताचं अस्तर शॅम्पूने धुऊन घ्या, सावलीत दारं उघडी ठेवून पूर्ण वाळवा, आणि आठवडाभर एसी बाहेरची हवा घेईल अशा बटणावर चालवा. धुलाईची पावती तारखेसह ठेवा.

राहिली तक्रार. गप्प बसावं असं तुमच्या घरच्यांना वाटतं, आणि रोज त्याच रस्त्यावरून पोट चालतं म्हटल्यावर ती भीती खरी आहे. विनाकारण झडती किंवा अटक केली तर अधिकाऱ्यालाच शिक्षा देणारं कलम ५८ एनडीपीएस कायद्यात आहे. पण तुमच्या बाबतीत ते वापरावं असं मला वाटत नाही. वास आला होता, म्हणजे झडतीला कारण होतं, आणि तिथे तुमची बाजू लंगडी पडेल. तक्रार झडतीची करू नका. चार तास बिनकागदाचं बसवलं, एवढ्यापुरतीच करा.

एक साधं पान लिहा. तारीख, वेळ, नाक्याची जागा, गाडी नंबर, काय तपासलं, काय सापडलं नाही, ठाण्यात किती वाजता नेलं आणि किती वाजता सोडलं. विशेषणं नकोत, कोणावर आरोप नको. शेवटी दोन मागण्या: त्या रात्रीच्या स्टेशन डायरीतल्या नोंदीची प्रत, आणि त्या वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यातलं चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर किमान वर्षभर ठेवायला सांगितलं आहे. प्रत मिळाली नाही तर तीच मागणी माहिती अधिकारात करा. अर्ज पोलीस आयुक्त कार्यालयात द्या, ठाण्यात नाही. वकिलाचा खर्च नको असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, म्हणून अर्ज समजून घ्यायला तुम्ही स्वतः जा. फोनवर विचारायचं तर १५१००.

तो वीस हजारवाला पुन्हा भेटला किंवा त्याचा फोन आला तर पैसे देऊ नका आणि भांडूही नका. नंबर, वेळ लिहून ठेवा आणि १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा. जिथे गुन्हाच नोंदलेला नाही, तिथे मिटवायला काही नाही.

रात्रीची भाडी बंद ठेवायची गरज मला दिसत नाही. आधी पाटी लावा, फिल्टर बदला, एजंटला मेसेज करा आणि मग गाडी काढा. अर्ज मात्र त्याआधी द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.